पाचवी ‘ब’चा चार्ज

ही कपाटाची किल्ली घ्या, रेणुकाबाई.
उजवीकडं फिरवून जरा वर उचलायची, तरच उघडतं.
यादीत सगळं लिहिलंय :
खडूपेट्या सात, नकाशे तीन,
फळ्यावरचा लाकडी कंपास, एक पाय मोडका.
यादीत नाही ते तोंडी सांगते.
इकडं बसा, पंख्याचा वारा तिसऱ्या बाकालाच लागतो.

महाराष्ट्राच्या नकाशात सोलापूरच्या जागी भोक आहे.
उंदरानं नाही केलं.
बावीस वर्षं प्रत्येक पोरानं तिथंच बोट टेकवलं,
“बाई, आपण इथं.”
नवा नकाशा मागवू नका.
भोकातून भिंत दिसते,
म्हणजे पत्ता बरोबरच आहे.

पंचवीसचा पाढा शिकवायला लागणार नाही.
पंचवीस विड्यांची जुडी, चाळीस जुड्यांना हजार,
तेव्हा कुठं आईचा दिवस संपतो.
सतराचा मात्र कुणालाच येत नाही.
बाजारात सतरा नगांचं काही मिळतच नाही ना!
त्यासाठी आपला जिना आहे.
पायऱ्या मोजून सतरा.
वर गेलं की सतरा, खाली आलं की चौतीस,
सतरा पंचेला सगळ्यांना धाप लागते,
मलाही.
पण पंच्याऐंशी मग कुणी विसरत नाही.

लावण्या चिप्पाचे वडील चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायचे.
त्यांचे जुने चौकटीचे कागद खालच्या खणात आहेत.
अर्धा मोर तुम्ही काढा,
उरलेला अर्धा वर्गाला मागा.
चौकटी मोजत बसतील,
डावीकडं चार तर उजवीकडं चार,
तासभर आवाज येणार नाही.
एखाद्या मोराला तीन पाय फुटतात.
फुटू द्या.
कुठं चुकलं ते तो मोरच त्यांना दाखवतो.

अंबादास गाजुल जूनपासून दिवाळीपर्यंत बोलला नाही.
मी चिडले, मग समजावलं, मग घरी निरोप धाडला.
काही उपयोग नाही.
एकदा हजेरी घेताना सहज विचारलं,
तुमच्यात एक, दोन, तीन कसं म्हणतात रे?
ओकटी, रेंडू, मूडू,
दहापर्यंत एका दमात,
आणि मी ‘एनिमिदी’ चुकीचं म्हटलं तेव्हा
अख्ख्या वर्गासमोर हसला तो मला.
आता त्याला गप्प करावं लागतं.
करा, पण लगेच नको.

मार्चात शाळा सकाळची झाली
की पटांगणात काठी रोवा, सावली मोजायला लावा.
दहाच्या पुढं थांबू नका, फरशी पोळते,
आणि निम्म्यांच्या पायात काही नसतं.

आता एक राहिलं.
अपूर्णांकाला मी भाकरी आणते, ज्वारीची, कडक.
फोडली की टच्च आवाज येतो, मागच्या बाकालाही ऐकू जातो.
चार समान भाग, एकाला पाव.
दरवर्षी हेच.
यंदा तस्लीमा उठली.
“बाई, आमच्यात समान नसतंय.
भाई रातपाळीला मागावर उभा राहतोय, त्याला अर्धी.
उरलेल्या अर्धीत आम्ही चौघी.”
आणि मी विचारायच्या आधीच
फळ्यापाशी येऊन तिनं लिहिलं :
एक छेद आठ.
उत्तर बरोबर होतं.
मी शाब्बास म्हणाले,
आणि म्हटल्यावर खडू हातातच राहिला.
तिच्या वहीत मात्र तिनं शाब्बासकीचा तारा मागून घेतला.

हा धडा पुढं कसा न्यायचा
ते मला जमलेलं नाही.
जानेवारीत येईल तुमच्याकडं, पान बावन्न.
भाकरी आणायची का नाही, तुम्ही ठरवा.
आणलीत तर जास्त आणा.

इथं सही करा.
तारीख मी घातलीय.